जुने 'स्टार ट्रेक' मुलांना दाखवावे का?

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना जुने 'स्टार ट्रेक' दाखवावे का? माझे उत्तर 'जरूर' असे आहे. मात्र त्यांना एकटे सोडून नव्हे, शेजारी बसून.

ही मालिका अमेरिकेत सप्टेंबर १९६६ ते जून १९६९ या काळात दाखवली गेली. एकूण ७९ भाग. आमच्या पिढीने ती १९८०च्या दशकात दूरदर्शनवर डोळे विस्फारून पाहिली. आजची मुले त्यातले खोटे खडक आणि हाणामारी बघून खो खो हसतात. हसू द्यावे! रक्तपात फारसा नाही, त्यामुळे ती काळजी नको.

उलट हिंसेबद्दल ही मालिका मुलांना विचार करायला लावते. १९६७ सालच्या एका भागात दोन ग्रह पाचशे वर्षे संगणकावर युद्ध खेळताहेत. बॉम्ब पडत नाही, इमारत कोसळत नाही. संगणक ज्यांना 'मृत' ठरवतो ती माणसे निमूटपणे यंत्रात शिरून मरतात. मोबाईलवर दिवसभर लढाया खेळणाऱ्या मुलांनी हा भाग पाहायलाच हवा.

खरी अडचण बायकांच्या चित्रणाची. शेवटच्या भागातल्या जॅनिस लेस्टरला स्त्री म्हणून कप्तानपद मिळत नाही. ती कर्कच्या शरीराचा ताबा घेते आणि शेवटी वेडीपिशी ठरते. माझ्या भाचीने हे पाहून विचारले, "मामा, तेविसाव्या शतकातसुद्धा बायकांना कॅप्टन होता येत नाही? मग कसले रे हे भविष्य?"

मी तिला लेफ्टनंट उहुराबद्दल सांगितले. १९६६ साली एका कृष्णवर्णीय स्त्रीला यानाच्या नियंत्रणकक्षात अधिकारी म्हणून बसवणे ही साधी गोष्ट नव्हती. ती भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स यांनी पुढे नासासाठी अंतराळवीर भरतीच्या मोहिमेत काम केले. उहुराला पाहत वाढलेली मे जेमिसन १९९२ साली खरोखर अंतराळात गेली.

"मग त्याच मालिकेने शेवटी असे का केले?" भाचीचा पुढचा प्रश्न. त्यावर आमचा वाद जेवणाच्या पानावरही चालू राहिला, आणि तिची आईही त्यात ओढली गेली.

तेव्हा नको ते भाग गाळून दाखवू नका. तो शेवटचा भाग तर मुलामुलींना मुद्दाम दाखवा, आणि ती काय विचारतात ते ऐका.