उतरवलेली कावीळ

आमच्या घरी आल्ताराखालच्या खणात जुन्या जपमाळा, मृतांच्या स्मरणार्थ छापलेली कार्डे आणि काही विझलेल्या मेणबत्त्या आहेत. त्यांच्याच सोबत बारीक काड्यांची एक वाळलेली माळ गुंडाळून ठेवलेली आहे. ती जपमाळ नव्हे. आमच्या धाकट्या आत्याची कावीळ उतरवण्यासाठी २०१४ सालच्या पावसाळ्यात आम्हीच ती आणली होती. आत्या गेल्यावर खण आवरताना ती फेकून देण्याचे कुणाच्या हातून झाले नाही.

आत्या तेव्हा चौसष्ट वर्षांची होती. अविवाहित असल्याने ती आमच्याच घरी राही. पहाटे उठून वाडीतली फुले खुडणे, मग मिस्साला जाणे आणि परतल्यावर सर्वांसाठी चहा ठेवणे हा तिचा नेम कधी चुकला नव्हता. जुलैच्या अखेरीस तिचे डोळे पिवळे दिसू लागले. ताप नव्हता, पोटात दुखत नव्हते. दुखत नाही म्हटल्यावर आम्ही सारे निर्धास्त झालो. तीन स्टेशने पलीकडच्या गावात कावीळ उतरवणारे एक गृहस्थ होते. आत्याला आम्ही त्यांच्याकडे नेले. त्यांनी तिच्या हातांवर कसलासा रस चोळला आणि चुन्याच्या निवळीत हात धुतले. पाणी पिवळेजर्द झाले. मग ही माळ डोक्यावर ठेवली. दिवसागणिक ती लांबत जाऊन गळ्यात, पुढे छातीवर उतरेल आणि कावीळही तशीच उतरेल, असे त्यांनी सांगितले. त्याबद्दल त्यांनी पैसेही घेतले नाहीत. खरे सांगायचे तर, त्यामुळे आमचा विश्वास अधिकच वाढला.

माळ लांबली. तशी ती लांबतेच, कारण ओल्या काड्या वाळून बारीक होतात आणि दोऱ्याच्या गाठी सैलावतात. काही झाडांच्या सालीचा रस चुन्याला लागला की पाणी पिवळे होते. त्या वेळी निरोगी माणसाचे हात धुतले असते, तरी ते झालेच असते. मात्र त्या गृहस्थांना लबाड म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आपल्याकडची बहुतेक कावीळ दूषित पाण्यातून येणाऱ्या विषाणूंमुळे होते आणि विश्रांती मिळाल्यास काही आठवड्यांत आपोआप ओसरते. तेवढ्यात माळही छातीवर आलेली असते. शंभरातल्या बहुसंख्य रोग्यांना गुण आलेला ज्याने डोळ्यांनी पाहिला, त्याने स्वतःवर संशय का घ्यावा?

आत्याची माळ पोटापर्यंत आली, पण डोळे अधिकच पिवळे झाले. रात्र रात्र तिला खाज सुटे. अंगात उष्णता झाली म्हणून आम्ही तिला सब्जाचे पाणी देत होतो. लघवी काळ्या चहासारखी आणि शौचाचा रंग शाडूच्या मातीसारखा झाला होता, हे तिने लाजेपोटी कुणाला सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. असे सात आठवडे गेले.

शेवटी गावातल्या वृद्ध डॉक्टरांनी तिला खाटेवर निजवले आणि उजव्या बरगडीखाली बोटे ठेवली. तिथे लिंबाएवढे, मऊ, न दुखणारे काहीतरी त्यांच्या हाताला लागले. ते फुगलेले पित्ताशय होते. कावीळ आहे, वेदना नाहीत आणि पित्ताशय हाताला लागते आहे, अशा वेळी कारण बहुधा खडा नसून गाठ असते, असे स्वित्झर्लंडमधील कुर्व्हाझिए नावाच्या शल्यविशारदाने १८९० सालीच लिहून ठेवले आहे. डॉक्टरांना हे कळायला दोन मिनिटेही लागली नाहीत. यंत्र नको, सुई नको! ती दोन मिनिटे सात आठवडे आधी मिळाली असती तर, हा विचार आमच्या मनातून आजही जात नाही.

यकृतात तयार झालेले पित्त एका नळीने खाली येते. वाटेत ती नळी स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते, स्वादुपिंडाची नळी तिला येऊन मिळते आणि दोघी एकाच मुखाने लहान आतड्याच्या पहिल्या वळणात उघडतात. आत्याची गाठ नेमकी या मुखाशी होती. ती जेमतेम बोराएवढी असावी, पण तिने सारी वाट अडवली होती. पुढे जायला मार्ग नसलेले पित्त रक्तात चढत होते.

मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयातील शल्यविशारदांकडे आम्ही गेलो, तेव्हा आमची एकच विनवणी होती, "डॉक्टर, आधी तेवढी कावीळ उतरवा, मग काय ते ऑपरेशन करा." दुर्बिणीने तोंडावाटे नळी घालून पित्त मोकळे करता येते, हे आम्ही ऐकून होतो. डॉक्टर म्हणाले, "नळी घालता येईल, पण तुमच्या आत्याला ती नको." कावीळ अंगात असताना पोट उघडायचे, या कल्पनेनेच आमच्या अंगावर काटा आला. त्यांनी कागद ओढून नळ्यांचे चित्र काढले आणि गर्दीच्या त्या बाह्यरुग्ण विभागात पंधरा मिनिटे आम्हाला समजावले. पुढे आम्ही त्याविषयी जमेल तसे वाचत गेलो.

आमची भीती अगदीच वेडगळ नव्हती. एके काळी सर्व शल्यविशारद तिच्यातच वावरत होते. काविळीच्या रोग्याचे रक्त लवकर गोठत नाही. बर्लिनच्या वाल्थर काउश यांनी १९०९ मध्ये ही शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत केली, आधी पित्ताला वाट आणि मग गाठ. न्यूयॉर्कचे ॲलन व्हिपल यांनी १९३५ साली जिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि जी पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेली, तीही दोन टप्प्यांचीच होती. (हे व्हिपल मिशनरी आईबापांच्या पोटी इराणात, उर्मिया येथे जन्मले. आमच्या वाचकांना याचे थोडे कौतुक वाटेल.) दरम्यान कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम कोंबडीच्या पिलांना चरबीविरहित खाद्य देऊन पाहत होते. त्या पिलांच्या कातडीखाली रक्तस्राव होई. त्यातून रक्त गोठवणाऱ्या 'के' जीवनसत्त्वाचा शोध लागला आणि १९४३ च्या नोबेल पारितोषिकात डाम यांचा वाटा होता. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळते, आणि आतड्यात पित्त नसेल तर ते अंगी लागत नाही. काविळीच्या रोग्यांच्या रक्तस्रावाचे कोडे असे पिलांच्या खुराड्यात उलगडले! सुईने ते देता येऊ लागले आणि १९४० मध्ये व्हिपल यांनी सारी शस्त्रक्रिया एकाच बैठकीत केली.

तरीही 'आधी कावीळ उतरवा' हा संकेत मागे उरलाच. दुर्बिणीतून नळी घालण्याची सोय झाल्यावर तर तो अधिकच दृढ झाला. रक्ततपासणीचा आकडा खाली आला की रोग्याला, नातेवाइकांना आणि डॉक्टरांनाही बरे वाटे. अखेर नेदरलँड्समधील डॉक्टरांनी त्याची कसोटी घेतली. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ असलेल्या २०२ रोग्यांची त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली. काहींना आधी नळी, इतरांना थेट शस्त्रक्रिया. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. थेट शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३९ टक्क्यांना गंभीर त्रास झाला, तर आधी कावीळ उतरवलेल्यांपैकी ७४ टक्क्यांना. नळी तुंबत होती, तिच्यावाटे जंतू शिरत होते. ताप असेल, कावीळ फारच चढली असेल किंवा आधी औषधोपचार करायचे असतील, तर नळी आजही घालतात. आत्याचे बिलिरुबिन अकरा होते आणि ताप नव्हता. तिला 'के' जीवनसत्त्वाची सुई पुरेशी होती.

कागदावरचे ते चित्र पाहताना आम्ही मान खाली घातली. काड्यांची माळ आणि प्लास्टिकची नळी या एका तोलाच्या वस्तू नव्हेत, हे आम्ही जाणतो. परंतु आमची मागणी दोन्हीकडे तीच होती. आम्हाला पिवळेपणा दृष्टीआड करायचा होता.

आणखी एक मोह होता. घराजवळच्या एका रुग्णालयात हे ऑपरेशन कमी खर्चात होईल, असे कुणी सुचवले. येणे-जाणेही सोयीचे. तिथल्या डॉक्टरांनी मात्र स्वतःच सांगितले, "मी हे वर्ष-दोन वर्षांत एखादे करतो. तुम्ही मुंबईलाच जा." हे सांगायला मन मोठे लागते. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वृद्ध रोग्यांच्या स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियांची मोजदाद आहे. वर्षाकाठी सरासरी एकही न होणाऱ्या रुग्णालयांत शंभरांमागे सोळा रोगी दगावत, तर सोळांहून अधिक होणाऱ्या ठिकाणी चारांहून कमी. आम्ही दागिने मोडले आणि मुंबई गाठली.

सकाळी साडेआठला आत्याला आत नेले, ती दुपारी तीननंतर बाहेर आली. स्वादुपिंडाचे डोके, आतड्याचे पहिले वळण, पित्ताशय आणि जठराचा थोडा भाग काढून तीन ठिकाणी नवे जोड दिले होते. काढलेल्या लसिकाग्रंथींपैकी एकीत रोग सापडला. सात आठवड्यांपूर्वी तो तिथे होता का, असे आम्ही डॉक्टरांना विचारले. "कुणालाच सांगता येणार नाही," ते म्हणाले. आम्ही पुन्हा विचारले नाही.

आत्या सात वर्षे जगली. उरलेल्या स्वादुपिंडाचा रस पुरत नसल्याने जेवताना तिला कॅप्सूल घ्याव्या लागत. त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात, हे कळल्यावर ती म्हणाली, "तुम्ही पोरं नाताळाला एकदा सोरपोतेल खाता, माझा नाताळ दिवसातून तीनदा!" पुन्हा पहाटेचा मिस्सा, वाडीतली फुले आणि चहा सुरू झाला. २०२१ साली रोग यकृतात परतला आणि त्याच वर्षी ती गेली.

गेल्या पावसाळ्यात शेजारचा एक मुलगा सकाळीच दारात आला. वडिलांचे डोळे पिवळे झाले होते आणि त्याला माळवाल्यांचा पत्ता हवा होता. आम्ही त्याला आत बसवले आणि वडिलांना खाज सुटते का, पोटात दुखते का, असे विचारले. मग, सकाळच्या वेळी कुणाच्या घरात विचारू नये असा प्रश्न विचारला, शौचाचा रंग कसा आहे? तो ओशाळला. थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "थांबा, घरी जाऊन विचारून येतो."