पातं ठणठणीत आहे

मिशिगनमध्ये येऊन आम्हाला तेरा वर्षं झाली. त्यातली पहिली आठ वर्षं माझा बर्फाशी संबंध फक्त फावड्यापुरता होता. रात्री पडायचा, सकाळी ड्राइव्ह-वेवरून उपसायचा. त्याच बर्फावर मुद्दाम जाऊन, वर पैसे भरून घसरायचं असतं हे ज्ञान मला लेकीमुळे झालं. शाळेतल्या कुणाच्या तरी वाढदिवसाला ती रिंकवर गेली, तासभर कठड्याला धरून फिरली आणि परत येताना गाडीत तिने जाहीर केलं की तिला फिगर स्केटिंग शिकायचंय. तेव्हा ती सहा वर्षांची होती, आता अकरा.

या पाच वर्षांत ती काय काय शिकली ते तिच्या कोचबाई सांगतील. मी शनिवारी पहाटे साडेपाचला उठायला शिकलो, कानटोपी घालून बाकावर बसून थर्मासमधला चहा प्यायला शिकलो आणि ब्लेडबद्दल थोडं शिकलो. पेशाने मेकॅनिकल इंजिनीअर पडलो, त्यामुळे पोरगी गिरक्या घेत असताना माझं लक्ष तिच्या पायाखालच्या पोलादाकडे जातं. बायको म्हणते, तू लेकीचं स्केटिंग बघायला येतोस की मशिनची ट्रायल बघायला?

ज्यांनी फिगर स्केटचं पातं जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे पातं विळीसारखं एका धारेचं नसतं. जाडी साधारण ४ मिलिमीटर, आणि खालच्या बाजूला लांबीभर एक उथळ पन्हळ कोरलेली असते. तिच्या दोन काठांना दोन धारा, एक आतली आणि एक बाहेरची. सगळं स्केटिंग म्हणजे या दोन धारांवर तोल बदलणं. पन्हळीची त्रिज्या बहुतेकांच्या स्केटमध्ये अर्ध्या इंचाच्या आसपास असते. शिवाय पातं लांबीतही सरळ नसतं, पाळण्याच्या तळासारखं किंचित वक्र असतं, त्या वक्राची त्रिज्या ७ किंवा ८ फूट. म्हणजे कुठल्याही क्षणी पात्याचा जेमतेम काही बोटं भाग बर्फाला टेकलेला असतो. पुढच्या टोकाला दातेरी कंगोरे, त्यांना टो पिक म्हणतात. चांगली पाती इंग्लंडातल्या शेफील्डहून येतात. तिथली जॉन विल्सन ही कंपनी आपला इतिहास १६९६ सालापर्यंत नेते. म्हणजे आपल्याकडे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते तेव्हापासूनची!

तर सांगायची गोष्ट गेल्या जानेवारीतली. लेक त्या वेळी ॲक्सेल नावाच्या उडीच्या मागे लागली होती. ॲक्सेल पॉलसन नावाच्या नॉर्वेच्या स्केटरने १८८२ मध्ये व्हिएन्नाला ही उडी मारून दाखवली, म्हणून तिला त्याचं नाव. बाकीच्या सगळ्या प्रमुख उड्या पाठमोऱ्या जाताना घेतात, ही एकटीच समोर तोंड करून. डाव्या पायाच्या बाहेरच्या धारेवरून उडायचं, हवेत दीड गिरकी घ्यायची आणि उजव्या पायावर मागे सरकत उतरायचं. सगळे मुहूर्त त्या डाव्या पायाच्या धारेवर अवलंबून. डिसेंबरात तिला दोनतीनदा जमली. फेब्रुवारीत तिची क्लबमधली परीक्षा होती, त्यामुळे घरात दहावीच्या वर्षासारखं वातावरण.

आणि मग ती पडायला लागली. पडणं नवीन नव्हतं. पण त्या शनिवारी ती उडतानाच वाकडी गेली, आपटली, घसरत जाऊन कडेच्या फळ्यांवर तिचा डावा स्केट खाडकन आदळला. तो आवाज मला काचेपलीकडे ऐकू आला. उठली, थोडी लंगडली, पुन्हा स्केटिंग करायला लागली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "बाबा, डावा स्केट बरोबर नाहीये. उडायच्या आधी सरकतो."

मी म्हटलं, घरी गेल्यावर बघू.

घरी आल्यावर बायकोने आधी लेकीला तपासलं. डोकं आपटलं का, मळमळतंय का, मनगट हलतंय का. कमरेला मोठं काळंनिळं झालं होतं. बर्फावर पडलेल्या माणसाला शेवटी बर्फच लावतात, हा एक विनोदच आहे. तोवर मी डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र अंथरून स्केटचं पोस्टमॉर्टेम सुरू केलं होतं.

खरं तर नुसत्या पडण्याने पात्याला फारसं काही होत नाही, कारण बर्फ पोलादापेक्षा कितीतरी मऊ. पातं बिघडतं ते फळीवर आदळून, दुसऱ्याच्या पात्यावर घासून, नाहीतर गार्ड न घालता काँक्रीटवर चालल्याने. इथे फळी लागली होती, म्हणजे तपासणं आलं. मी पातं कोरडं पुसून बूट उलटा धरला. सुतार फळीचा बाक बघतो तसा एक डोळा मिटून टाचेकडून टोकाकडे पन्हळीतून पाहिलं. सरळ. मग अंगठ्याचं नख दोन्ही धारांवरून हलकेच फिरवलं, कुठे खाच असली तर नख अडकतं. (बोट फिरवायचं नाही, कापतं.) टाचेजवळ एक बारीक खाच लागली, धार लावताना सहज निघून जाईल इतकीच. मग दोन धारांवर आडवं नाणं ठेवून ते पात्याच्या बाजूशी काटकोनात बसतंय का पाहिलं, म्हणजे दोन्ही धारा एका उंचीच्या आहेत का ते कळतं. बसलं.

राहिली चीर. पातं आणि वरच्या पट्ट्या जिथे जोडलेल्या असतात ते सांधे भिंगाखाली पाहिले. माठ विकत घेताना आपण वाजवून घेतो ना, तसं चमच्याने पातं वाजवलं. ठण्ण. चिरलेलं असतं तर बद्द वाजलं असतं. एवढ्यावर थांबेल तो इंजिनीअर कसला! गॅरेजमध्ये डाय पेनिट्रंटचे तीन डबे होते. बुटाला टेप गुंडाळून सांध्यांवर लाल रंग फवारला, दहा मिनिटं थांबलो, पुसून काढला, वरून पांढरी पावडर मारली. चीर असेल तर तिच्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. काही उमटलं नाही. शेवटी स्क्रूंवर नजर टाकली. सगळे जागच्या जागी, डोकी पट्टीला टेकलेली. ठीक.

मी लेकीला हाक मारली आणि निकाल सांगितला. "पातं ठणठणीत आहे. स्केट सरकत नाहीये, तू घाबरतेस म्हणून अंग मागे राहतंय."

ती म्हणाली, "ओके."

इथे वाढलेल्या पोरांचं ओके तुम्हाला माहीत असेल. त्याचा अर्थ पटलं असा नसतो. विषय बंद, असा असतो.

पुढचे दोन आठवडे ती पडत राहिली. कोचबाईही म्हणाल्या की डावी बाजू लवकर सुटतेय, आत्मविश्वास हवा. मी गाडीत आत्मविश्वासावर प्रवचनं दिली. ती खिडकीतून बाहेर बघायची. स्केट सरकतो हे वाक्य तिने पुन्हा उच्चारलं नाही. मग एका रात्री जेवताना, भात कालवत, म्हणाली की मला परीक्षा द्यायची नाही. पुढचं सीझन पण नको. मी समजावायला तोंड उघडलं तेवढ्यात बायको म्हणाली, "अरे, तिला एकदा विचारलंस का, सरकतो म्हणजे नक्की काय होतं?"

नव्हतं विचारलं.

परीक्षा होवो न होवो, ती खाच काढायची होती, म्हणून धार लावायला गेलो. आमच्याकडे चाळीत सायकलवर सहाण बसवलेला धारवाला यायचा, तशातले हे एक आजोबा आहेत, फक्त यांचं स्वतःचं दुकान आहे. मी त्यांना माझ्या तपासणीचा सगळा वृत्तांत सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि मग माझ्या खांद्यावरून मागे लेकीकडे पाहून विचारलं, तुला कसं वाटतं?

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, बाहेरच्या धारेवर जोर दिला की पायाखाली कच् असं होतं.

आजोबांनी भिंग घेतलं नाही की दिवा लावला नाही. एका हाताने बूट धरला, दुसऱ्या हाताने पातं, आणि ओला टॉवेल पिळतात तसं पिळलं. कच्. मला ऐकू आलं. मग स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पुढच्या भागातला एक स्क्रू फिरवला. तो नुसताच फिरत राहिला. दुसराही तसाच. बाहेर काढले तर गंजून तपकिरी झालेले, आणि भोकाच्या कडेचं चामडं भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं मऊ.

गोष्ट साधी होती. बुटाचा तळ चामड्याच्या थरांचा आणि पातं त्यात स्क्रूने बसवलेलं. भोकातून पाणी आत जात राहिलं की चामडं कुजतं आणि स्क्रूच्या आट्यांना धरायला काही उरत नाही. टेबलावर, बिनवजनाचा, कोरडा स्केट तपासला की डोकी टेकलेलीच दिसणार. उडी घेताना सगळा भार त्या एका धारेवर आला की मग पट्टी केसभर उचलली जाते. त्या केसभराने ॲक्सेल जाते. पाणी आत का गेलं? कारण दर वेळी स्केट पुसायचं काम माझं होतं. मी पातं अगदी प्रेमाने पुसायचो, पण तळ कधी पुसला नाही. ओला बूट तसाच पिशवीत.

आजोबांनी कुजलेला भाग साफ करून भोकं वाळू दिली, त्यात डिंक लावून लाकडाच्या खुंट्या ठोकल्या, तळाला पाणी न लागणारा लेप दिला आणि नव्याने पातं बसवलं. त्यात दोनतीन दिवस गेले. आमच्या गावच्या घरी दाराची बिजागरी सैल झाली की मामा स्क्रूच्या भोकात काडेपेटीची काडी ठोकायचा. तेच तत्त्व. सातासमुद्रापार येऊन मी मामाचं तंत्र पैसे मोजून घेतलं.

हे मोठ्यांचंही होतं बरं का. २०११ च्या मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत जपानच्या दाइसुके ताकाहाशीचं पातं पहिल्याच उडीला सैल झालं, त्याला थांबून ते घट्ट करून घ्यावं लागलं. आदल्या वर्षीचा जगज्जेता पाचवा आला. पण त्याचं निदान सगळ्या जगाला दिसलं. माझ्या लेकीचं बिंग मीच दाबून ठेवलं होतं.

मला राहून राहून पिंपरीतली माझी पहिली नोकरी आठवत होती. ट्रेनी होतो, काही येत नव्हतं. लेथवर एक काका होते, ते म्हणायचे, "साहेब, बेअरिंग बोलायला लागलंय." मला काही ऐकू यायचं नाही, पण काका म्हणतात म्हणजे असेल, म्हणून मी मशिन उघडायला लावायचो. बहुतेक वेळा काका बरोबर असायचे. पुढे मला यायला लागलं, हातात उपकरणं आली आणि मशिनवर उभ्या असलेल्या माणसाला विचारायची सवय कधी गेली ते कळलंच नाही. मी जे जे तपासलं ते सगळं खरंच ठीक होतं. चूक एवढीच झाली की जे तपासलं नाही तेही ठीक आहे असं मी सांगून टाकलं, आणि वर कारण म्हणून पोरीची भीती चिकटवली.

दुकानातून परत येताना गाडीत मी म्हटलं, "माझं चुकलं. तू बरोबर सांगत होतीस. आणि तू घाबरतेस असं मी म्हणायला नको होतं."

"आय नो," ती म्हणाली. दोन सिग्नल गेले. मग म्हणाली, "थोडी घाबरत होते पण. हलत होतं म्हणून."

मी काही बोललो नाही. प्रवचनं पुष्कळ झाली होती.

फेब्रुवारीची परीक्षा हुकली ती हुकलीच, ती तिने मे महिन्यात दिली. ॲक्सेल अजूनही कधी येते कधी रुसते. पण आता पडली की उठून हसते, कारण ते पडणं तिचं स्वतःचं असतं. आमच्या घरी तपासणीचा क्रम मात्र बदलला आहे. पडल्यावर आधी पोरीला बघायचं. मग तिला विचारायचं, काय वाटलं, कुठल्या पायाला, कधी. मग बूट आणि पातं दोन हातांत धरून पिळायचं. मग एकेक स्क्रू, नजरेने नाही, स्क्रू-ड्रायव्हरने, हलक्या हाताने. स्क्रूभोवती तपकिरी वर्तुळ दिसलं की समजायचं पाणी शिरलंय. त्यानंतर बाक, धारा, नाणं, चीर. वाकलेलं पातं घरी पकडीत धरून सरळ करायला जायचं नाही, कडक पोलाद चिरतं. आणि रिंकवरून निघताना पात्याबरोबर तळही पुसायचा, घरी आल्यावर बूट पिशवीतून बाहेर काढून वाळवायचे.

डाय पेनिट्रंटचे डबे गॅरेजमध्ये तसेच आहेत. बायकोने त्यांच्यावर चिठ्ठी लावली आहे, 'आधी विचार.' त्यातला विचार कुठला, करायचा की पोरीला विचारायचा, हे ती सांगत नाही.

असो. उद्या शनिवार आहे, साडेपाचचा गजर लावायचाय.