दोऱ्याएवढी जागा

शिकागोच्या वॅबॅश अव्हेन्यूवर रस्त्याच्या डोक्यावरून आगगाडी जाते. लोखंडी खांबांवर उभारलेले हे रूळ 1897 सालापासून शहराच्या मध्याला वेढा घालून आहेत. तिथले लोक त्याला ‘लूप’ म्हणतात. आमच्या आर्ट स्कूलमधला ध्वनीचा वर्ग या रुळांना लागून होता. दर काही मिनिटांनी गाडी यायची, खिडकीची काच थरथरायची, आणि बोलणाऱ्याचं वाक्य अर्ध्यावर राहायचं.

पहिल्या दिवशी आमच्या बाई अशाच मध्येच थांबल्या. मला वाटलं, गाडी जाण्याची वाट बघताहेत. पण त्यांनी उठून खिडकी उघडली. गाडी वळणावर आली, चाकं रुळांवर घासली, कानात सुई शिरावी तसा आवाज आला आणि हळूहळू उतरत गेला. खिडकी लावून बाईंनी विचारलं, “काय ऐकलंत?”

मी म्हणाले, “गाडी.”

शेजारचा मुलगा शिल्पकलेकडून आला होता. तो म्हणाला, आधी जमीन बोलली, मग खांब, मग चाकं. एका मुलीनं टेबलावरच्या पेन्सिलीचा थरकाप ऐकला होता. आणखी एकानं गाडी गेल्यावर खोलीत जी शांतता पडली तिचा पोत सांगितला. गाडीच्या आधीची शांतता निराळी होती म्हणाला. मी गप्प बसले. मी आवाज ऐकलाच नव्हता, आवाजाचं नाव तेवढं ऐकलं होतं.

मी मूळची मिरजेची. गाण्याचं थोडंफार शिक्षण घेऊन गेले होते आणि कान तयार आहे अशी माझी समजूत होती. गायनाच्या वर्गात कानाला शिकवतात ते स्वराचं ठिकाण: हा लागला, हा चढला, हा उतरला. ती शिस्त मोठी आहे आणि तिचं ऋण मी विसरणार नाही. आर्ट स्कूलमध्ये मात्र आवाज कुंभाराच्या मातीसारखा हातात घ्यायचा होता. तो खरखरीत आहे का, ओला आहे का, किती वजनाचा आहे, कुठे ठेवला तर कसा दिसेल? कुणी काम ऐकवलं की सगळे गोल बसायचे. तिथे ‘छान’ हा शब्द कुणी काढायचं नाही, आपण काय ऐकलं एवढंच सांगायचं. एकाच तुकड्यावर कधी कधी तासभर जायचा.

पहिला स्वाध्याय वहीचा होता. रोज दहा मिनिटं एका जागी बसायचं आणि कानावर येईल ते लिहायचं. दोन दिवसांत माझी इंग्रजी संपली. तिसऱ्या दिवशी मी मराठीत लिहायला लागले आणि वही भराभर भरू लागली. हीटरच्या नळ्यांची ठकठक, कागदी पिशवीची चुरचुर, सुक्या पानांची सळसळ, दिव्याची भणभण, किल्ल्यांची किणकिण, दूरच्या पुलावरून जाणाऱ्या ट्रकची घरघर. आजीच्या तोंडी हे शब्द दिवसभर असत. तेलात मोहरी तडतडली नाही तर तिला फोडणी झाल्यासारखी वाटत नसे. माझ्या भाषेनं आवाजांची ही केवढी वखार भरून ठेवली आहे, हे मला तिच्यापासून इतकं दूर गेल्यावर समजलं. मुलांनी शब्द म्हणून दाखवायला सांगितले. खडखड आणि खुळखुळ यांतला फरक त्यांना अर्थ न सांगता कळला.

बाईंनी पुढे एक जुनी रचना ऐकवली. पिएर शेफेर हे फ्रेंच रेडिओतले अभियंते. त्यांनी 1948 साली पॅरिसच्या बातिन्योल स्थानकावर इंजिनं, डबे, शिट्ट्या यांचे आवाज मुद्रित केले आणि तबकड्यांवरचे ते तुकडे मागेपुढे जोडून, पुन्हा पुन्हा फिरवून संगीताची रचना केली. वाद्य नाही, गायक नाही, फक्त रेल्वे. तीन मिनिटांच्या आसपासचा हा तुकडा ऐकताना मी शिकागोत नव्हते, पॅरिसातही नव्हते. मी मिरज जंक्शनजवळच्या आमच्या घरात, अंथरुणात होते. एके काळी मिरजेला तिन्ही रुंदीचे रूळ एकत्र येत: ब्रॉडगेज, मीटरगेज आणि कुर्डुवाडीकडे जाणारी नॅरोगेज. लहानपणी रात्री कुठली गाडी आली हे आम्ही भावंडं आवाजावरून ओळखायचो. म्हणजे कान होता. मध्ये कधीतरी संगीत एका खोलीत आणि आवाज दुसऱ्या खोलीत, अशी भिंत मीच घातली होती.

त्या हिवाळ्यात मी डाग द्यायला शिकले. पितळेच्या रुपयाएवढ्या चकतीला दोन वायरी जोडायच्या आणि ती चकती एखाद्या वस्तूला चिकटवायची. हा मायक्रोफोन हवेतलं काही ऐकत नाही, वस्तूच्या अंगातलं ऐकतो. माझा पहिला डाग गोळा होऊन पडला, दुसरा सुटला, तिसरा बसला. चकती वर्गाच्या काचेला चिकटवली आणि हेडफोन लावून थांबले. गाडी दिसायच्या कितीतरी आधी काचेला तिची चाहूल लागली. आधी एक खोल गुरगुर, तिच्यावर बारीक कुरकुर, मग सगळं एकत्र भरून आलं. काच रोज हे ऐकत होती, आम्ही तिच्यातून नुसतं बाहेर बघत होतो.

शहराबाहेर राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाकडे त्यांच्या आईंचा मिरजेचा तंबोरा होता. आई गेल्यापासून तो गवसणीतच होता. “घेऊन जा, वाजता तरी राहील,” असं म्हणून काकांनी तो माझ्या हवाली केला. खोलीवर आणून तारा जुळवल्या, तर आवाज मुका. छेडला की टण्ण व्हायचं आणि विझून जायचं. घोडीवर पाहिलं तेव्हा कारण कळलं. तारांखाली दोरे नव्हते.

आमच्याकडे या दोऱ्याला जीव म्हणतात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मी लहानपणी तासन्‌तास बसत असे. तिथले एक चाचा जवारी लावायचे. घोडीच्या पाठीवर कानस इतकी हलकी फिरवायची की भुकटी पडलेली दिसूही नये, फुंकर मारायची, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा उतरवायची. शेवटी सुती दोरा तारेखाली घालून केसाएवढा पुढे, केसाएवढा मागे. एका जागी तार एकदम उमलायची. चाचा मान न उचलता म्हणायचे, “हां, आता आली बघ.” मी विचारायची, “काय आलं चाचा?” ते म्हणायचे, “जो आत होता तो.”

शिकागोत माझ्याजवळ शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा होता. तो खर्जाच्या तारेखाली घातला आणि सरकवत बसले. बाहेर बर्फ पडत होता, बोटं गार पडली होती. अर्धा तास झाला असेल. मग ती जागा सापडली. आवाज लांबला, रुंदावला, त्याच्या अंगावर सोनेरी लव उभी राहावी तसा झाला.

दुसऱ्या दिवशी तंबोरा वर्गात नेला. पितळी चकती तबलीला चिकटवली आणि आवाजाचं चित्र पडद्यावर उमटवलं. आधी दोरा काढून तार छेडली: खाली दोन-चार जाड रेघा, वरच्या फिकट, लगेच विरणाऱ्या. मग दोरा घातला. रेघांची शिडी खालून वरपर्यंत उजळत गेली आणि कितीतरी वेळ उजळलेली राहिली. तार दोऱ्यामुळे घोडीच्या पाठीला सारखी हलकेच टेकत-सुटत राहते. या स्पर्शानं तारेचं बळ खालच्या स्वरातच न राहता वरच्या स्वरांत वाटलं जातं. माझा षड्ज पांढरी सहाचा, तेव्हा खर्जाची तार सेकंदाला 110 कंपनांची. शिडीची पाचवी पायरी 550 वर. हाच तो स्वयंभू गंधार, जो कुणी छेडत नाही आणि तरी तंबोऱ्यात ऐकू येतो. वर्गातल्या पियानोवर तोच स्वर दाबला तर तो 554च्या जवळ. दोन्ही एकदम वाजवले तेव्हा त्यांच्यामध्ये सेकंदाला चारेक हेलकावे उठले. मुलं पुढे सरकून ऐकू लागली. मला मात्र सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आठवले. त्यांनी 1910 साली श्रुतींच्या मापांवर पुस्तक लिहिलं होतं आणि पुढे त्यांच्या या कामाला मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साथ मिळाली. जे शिकायला मी समुद्र ओलांडून आले, त्याचं एक टोक माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं.

असंच दुसरं टोक मला अहमदाबादेत सापडलं. गीता साराभाई 1946 मध्ये न्यूयॉर्कला गेल्या. तिथे जॉन केज या तरुण संगीतकाराला त्यांनी भारतीय संगीत शिकवलं आणि त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीतातलं काउंटरपॉइंट शिकून घेतलं. संगीत कशासाठी, असं केजनं विचारलं तेव्हा त्यांनी आपल्या गुरूंचं म्हणणं सांगितलं: मन निवावं आणि दिव्य प्रभावांसाठी मोकळं व्हावं, यासाठी. केज हे जन्मभर सांगत राहिला. 1952 साली डेव्हिड ट्यूडर हा पियानोवादक केजच्या ज्या रचनेसाठी मंचावर बसला, तिच्यात चार मिनिटं तेहेतीस सेकंद एकही स्वर वाजवायचा नव्हता. लोकांनी ऐकायचं ते सभागृहाबाहेरचं वारं, पाऊस, एकमेकांची चुळबुळ. हाच ट्यूडर 1969 मध्ये अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये आला आणि तिथे त्यानं मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा करून दिला. गीताबेन, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर काम केलं. पुढे त्या टेप कपाटात पडून राहिल्या आणि 2023 साली त्यांतलं निवडक संगीत प्रकाशित झालं. खुर्च्या, कापड, अक्षरं यांच्या शाळेत आवाजही शिकण्याची वस्तू आहे, हे आपल्या देशात इतक्या आधी कुणीतरी ओळखलं होतं. त्या टेप ऐकताना मला थोरल्या बहिणीची जुनी वही सापडावी तसं वाटलं.

वर्षाच्या शेवटी ॲल्विन लुसिए यांची 1969 सालची रचना स्वतः करून पाहायची होती. खोलीत बसून काही वाक्यं बोलायची, मुद्रित करायची. ते मुद्रण त्याच खोलीत वाजवून पुन्हा मुद्रित करायचं, मग ते पुन्हा. दर फेरीला खोली आपल्याला मानवणारे स्वर ठेवते, बाकीचे सोडून देते. खोली पाच मीटर लांब असेल तर त्या लांबीचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला साधारण 34 कंपनांचा, आणि वरचे त्याच्या पटीत. लुसिए यांच्या बोलण्यात अडखळणं होतं. त्यांच्या मुद्रणात खोली ते अडखळणं हळूहळू पुसून टाकते. मी माझ्या खोलीत म्हटलं, “आमच्या गल्लीत सकाळी तारा जुळवायचा आवाज येतो.” पाचव्या फेरीला ‘स’ आणि ‘च’ झिजले. दहाव्या फेरीला शब्द कळेनात, पण ‘सकाळी’तला चढ आणि ‘येतो’चा उतार शाबूत होता. विसाव्या फेरीला काचेच्या भांड्यावरून ओलं बोट फिरवावं तसा लांब नाद उरला. माझ्या वाक्याची लय त्या खोलीच्या गळ्यातून येत होती.

शिक्षण संपवून परतले तेव्हा आमचं मिरजेचं घर पाडायचं ठरलं होतं. वासे वाळवीनं पोखरले होते, दुसरा इलाज नव्हता. सामान हललेल्या माजघरात मी स्पीकर मांडला आणि आईला म्हटलं, “काहीतरी बोल.”

“काय बोलू?”

“रोज बोलतेस ते.”

ती जरा थांबली आणि म्हणाली, “दार लोटून घे गं, मांजर शिरेल.”

तेवढ्यात जंक्शनवर गाडी शिटी देऊन गेली. आई म्हणाली, “थांब, पुन्हा बोलते.” मी म्हटलं, “नको, राहू दे.”

मातीच्या भिंती काचेच्या शहरासारख्या वाजत नाहीत. त्या आवाज पितात. शिकागोत वीस फेऱ्यांत जे झालं ते इथे तेवढ्यात होईना. आई भिंतीला टेकून ऐकत होती. संध्याकाळ झाली, तिनं दिवा लावला. सव्विसाव्या की सत्ताविसाव्या फेरीला दार गेलं, मांजर गेलं, शिटीचं टोक बोथटलं. खाली एक जाडसर, उबदार हुंकार उरला. त्यात आईचं ‘गं’ कुठलं आणि गाडी कुठली, हे मला सांगता येईना. संगीत आणि आवाज, ज्यांना मी दोन खोल्यांत ठेवलं होतं, ते एका खोलीनं असे जवळ आणले होते.

आईनं विचारलं, “हे कोण बोलतंय?”

“माजघर.”

ती हसली नाही. हातातलं काम बाजूला ठेवून तिनं तो हुंकार शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाली, “इतकी वर्षं ऐकत होतं होय आपलं.”

घर आता नाही. तिथे नव्या इमारतीचा जिना आहे आणि त्यात टाचणी पडली तरी घुमते. माझ्याकडे सव्वीस-सत्तावीस फेऱ्यांचं ते मुद्रण आहे, आणि काकांनी परत घ्यायला नकार दिलेला तो तंबोरा आहे. रोज सकाळी तारा जुळवून झाल्या की खर्जाखालचा दोरा केसाएवढा पुढे सरकवते, केसाएवढा मागे. बाहेर रिक्षा, कुकर, शाळेची घंटा, जंक्शनवरची घोषणा. पूर्वी मी खिडकी लावून घेत असे. आता उघडी ठेवते, आणि दोरा जागेवर येईपर्यंत थांबते.