उचलून नेलेली इगर्ज

माझं आजोळ कुर्डी. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. तिथलं कदंबकालीन महादेवाचं देऊळ दगडांवर आकडे घालून उतरवलं आणि दुसरीकडे पुन्हा उभारलं, हे आपणा गोंयकारांना ठाऊक आहेच. म्हणून वेल्समधल्या कार्डिफजवळ, सेंट फॅगन्सच्या संग्रहालयात संत तायलोच्या इगर्जीसमोर उभा राहिलो तेव्हा पाय तिथून हलेनात.

ही इगर्ज मूळची तिथली नव्हेच. पॉन्टार्डुलाइस गावाबाहेर, लकर नदीकाठच्या पाणथळ जागेत ती कित्येक शतकं उभी होती. पुढे गावात नवी इगर्ज झाली आणि विसाव्या शतकात ही ओस पडली. छपराच्या दगडी फरश्या निसटल्या, पाऊस आत शिरला, भिंतींवरचा चुना सुटू लागला आणि खालून चक्क चित्रं डोकावली!

चुना फासला होता तो सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर. संतांची चित्रं म्हणजे मूर्तिपूजा ठरली. ती झाकून वर बायबलमधली वचनं लिहिली गेली. गंमत पाहा, चित्रं पुसण्यासाठी लावलेल्या चुन्यानंच ती सांभाळून ठेवली.

१९८४च्या सुमारास इमारत उतरवायला घेतली. म्हणजे आमचं कुर्डी उठलं त्याच दशकात. पुन्हा उभी राहून खुली व्हायला ऑक्टोबर २००७ उजाडला. कारागिरांनी ती साधारण १५३० साली असेल तशी सजवली आहे. बाहेरून पांढरी, साधी. आत मात्र लाल-पिवळ्या रंगांचा नुसता उत्सव. बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा संत ख्रिस्तोफर, येशूची टर उडवणारे टवाळखोर, आणि गाभाऱ्यापुढे कोरीव, रंगवलेला लाकडी पडदा. भिंतींवरची चित्रं नव्यानं काढलेली आहेत. मूळ तुकडे संग्रहालयानं वेगळे जपले आहेत.

खरं सांगतो, प्रथम हे सगळं मला जरा जास्तच नवं वाटलं. मग मनात आलं, भक्तांनी रंगवलं तेव्हा ते नवंच होतं की!

मामा अजून मे महिन्यात पाणी ओसरलं की कुर्डीला जातो. हलवलेल्या देवळाकडे क्वचितच वळतो. त्याला या इगर्जीचे फोटो दाखवले. त्यानं ते बराच वेळ न्याहाळले आणि विचारलं, "आनी न्हंय खंय?"