टोल्युइनचा वास

आमचे बाबा ३२ वर्षं शहराबाहेरच्या एका केमिकल कारखान्यात होते. संध्याकाळी दांडिया बाजारातल्या घरात त्यांच्याआधी टोल्युइनचा वास शिरायचा. आई त्यांचा शर्ट वेगळा भिजवायची. डोकं कायम दुखायचं. "चालायचंच," म्हणायचे.

आता माझी लेक कलाभवनात केमिकल शिकतेय. आंबवलेल्या पाण्यातून लॅक्टिक ॲसिड काढायचं, तेही टोल्युइनऐवजी सूर्यफुलाच्या तेलानं! बाबा हसले. "अगं, ते पाणी सोडून तेलात कशाला जाईल?"

"नुसत्या तेलात नाहीच जात, आजोबा. तेलात अमाइन मिसळते, ते ॲसिडला धरून आणतं. फक्त पाण्याचा पीएच ३.८६ च्या खाली हवा."

"आणि मग तेलातून परत काढणार कशानं? कॉस्टिक घातलंस तर साबण होईल."

ती गप्प. नेमकं तेच झालं होतं, बरणीत फेस आणि थर काही सुटेनात. मग दोघं रात्री साडेअकरापर्यंत कागद घेऊन बसले. कॉस्टिकऐवजी धुण्याच्या सोड्याचं पातळ द्रावण, हलक्या हातानं ढवळणं, तेल दाट म्हणून जरा कोमट करणं... बाबांना इतकं बोलताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"वास येतो का गं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"टोल्युइनसारखा नाही."

आई आतून म्हणाली, "मग तिचा एप्रन आपल्या कपड्यांतच टाका."

"नको आजी," लेक म्हणाली, "अमाइन आहेच अजून त्यात."