मनिलाचा मे महिना आणि आपलं उत्तन

मैत्रिणींनो, परदेशी असलेल्या मुलीकडे किंवा भाचीकडे जायचं ठरलं की आपली तयारी स्वयंपाकघरातून सुरू होते. थालिपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कुळथाचं पीठ! भायंदरहून निघताना माझीही बॅग अशीच भरली होती. पण त्या बॅगेपेक्षा जड असं एक काम बहिणीने माझ्यावर सोपवलं होतं. "पोरगी तिथे एकटी पडलीय का, ते तू तुझ्या डोळ्यांनी बघून ये. पडली असेल तर सरळ सांग, म्हणावं, परत या."

भाची फिलिपीन्समध्ये, मनिलाला असते. नवरा दिवसभर कामावर, पदरी चार वर्षांची मुलगी, आणि जवळपास मराठी बोलणारं कुणी नाही. आईचा जीव तुटणारच, नाही का?

मी गेले मे महिन्यात. आपल्यासारखाच उकाडा, आपल्यासारखेच आंबे! हा महिना तिथे फुलांचा. 'फ्लोरेस दे मायो' म्हणजे मे महिन्याची फुलं. महिनाभर वस्तीतली मुलं चर्चमध्ये मरियामातेला रोज फुलं वाहतात आणि शेवटी 'सांताक्रुझान' नावाची मिरवणूक निघते. राणी हेलेनाच्या वेषात नटलेली तरुणी, फुलांच्या कमानी, मागे बँड. आपल्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आठवण झाली बघा. देव निराळे, पण नटणंमुरडणं आणि घरोघरची लगबग तीच!

शेजारच्या आजीबाईंना सगळे 'लोला' म्हणत. लोला म्हणजे आजीच. आणि भाचीला गल्लीतल्या पोरी काय हाक मारीत असतील? 'आते'! मला वाटलं, ही आत्या कधी झाली? मग कळलं, तिथे आते म्हणजे थोरली बहीण. लहानांनी मोठ्यांचा हात धरून आपल्या कपाळाला लावायचा, हा त्यांचा नमस्कार. नात शेजारच्या लोलांचा हात कपाळाला लावून आली आणि लगेच माझ्या पाया पडली, तेव्हा मला फार बरं वाटलं.

१५ मे रोजी आम्ही लुकबानला गेलो. मनिलाहून मोटारीने काही तासांवर, बानाहाव डोंगराच्या पायथ्याशी हे गाव आहे. तिथला 'पाहियास' हा शेतकऱ्यांचा सण, संत इसिद्रो यांच्या नावाने. अख्ख्या घराच्या भिंती भाताच्या लोंब्या, वांगी, मिरच्या, केळी, टोप्या यांनी मढवतात. त्यांत रंगीत पानांचे मोठाले झुंबर लटकतात. जवळ जाऊन पाहिलं तर काय, चक्क तांदळाच्या पिठाच्या पापड्या! त्यांना 'किपिंग' म्हणतात. तांदळाचं पातळ पीठ झाडाच्या पानावर पसरायचं, वाफवायचं, पान अलगद सोडवून वाळवायचं. आपल्या सालपापड्यांचीच बहीण की! फरक इतकाच, की आपण त्या डब्यात भरतो आणि त्या दाराला टांगतात.

जेवायला नूडल्स केळीच्या पानावर. काटा नाही, चमचा नाही; पान उचलून तोंडाला लावायचं. सणाच्या दिवशी दारं उघडी असतात, आणि खात असलेला माणूस वाटसरूलाही 'काइन तायो' म्हणतो, म्हणजे 'चला, जेवू या.' हे आपल्याकडे पूर्वी सर्रास होतं, आता फ्लॅटची दारं बंद झाली.

संध्याकाळी नाच झाले. 'तिनिकलिंग'मध्ये दोघं जण दोन लांब बांबू जमिनीवर आणि एकमेकांवर आपटतात आणि नाचणारे मधल्या फटीतून पाय न सापडू देता उड्या घेतात. बांबूच्या सापळ्यांतून निसटणाऱ्या तिकलिंग पक्ष्याची ती नक्कल आहे. दुसऱ्या नाचात बायका एक दिवा डोक्यावर आणि एकेक दोन्ही हातांत घेऊन गिरक्या घेतात. फुगडी घालणाऱ्या आपल्यासारख्यांनीसुद्धा तोंडात बोटं घालावीत असा तोल!

शाकाहारी मैत्रिणींना मात्र एक सूचना. भाजी म्हणून पुढे आलेल्या वाटीत कोळंबी किंवा माशाचं पाणी असू शकतं, तेव्हा खाण्यापूर्वी विचारा. केळीच्या पानात उकडलेला 'सुमान' हा चिकट तांदळाचा पदार्थ आणि केळं-फणस गुंडाळून तळलेला 'तुरोन' बिनधास्त खा. मासे खाणाऱ्यांना तर माहेरी आल्यासारखंच वाटेल. सकाळी लसणीच्या परतलेल्या भाताबरोबर तळलेला सुका मासा! आणि 'अदोबो' म्हणजे व्हिनेगर, लसूण, मिरी, तमालपत्र आणि सोया सॉसमध्ये शिजवलेलं मांस.

ही व्हिनेगर-लसणीची चव आपल्या उत्तनच्या बाजूची नाही का? उत्तन, डोंगरी, गोराई इथल्या ख्रिस्ती घरांतलं विंदालू आठवा. हे साम्य उगीच आलेलं नाही. मनिला १५७१ पासून स्पॅनिशांकडे होती, आणि वसईचा मुलूख, त्यात आपलं धारावी बेटही आलं, पोर्तुगीजांकडे. १५८० ते १६४० अशी साठ वर्षं स्पेन आणि पोर्तुगाल या दोन्ही देशांचा राजा एकच होता! १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि इथली पोर्तुगीज सत्ता संपली. तिथे स्पेनचा अंमल १८९८ पर्यंत राहिला.

आणि या दोन गावांना जोडणारा माणूसही आहे. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया. जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानात गेले, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले, आणि १५९७ च्या ५ फेब्रुवारीला नागासाकीत त्यांना क्रुसावर मारण्यात आलं. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. आज वसईतल्या कॉलेजला त्यांचं नाव आहे. म्हणजे आपली भाची काही पहिलीच गेलेली नाही. चारशे वर्षांपूर्वीही इकडचं माणूस तिथे राहिलं, रुजलं.

आता बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर. भाची मला एका रात्री म्हणाली, "मावशी, पहिलं वर्ष मी दार लावून रडले. मग या लोलांनी फुलं वेचायला माझ्या मुलीला बोलावलं, आणि तिच्यामागून मी गेले." आता डिसेंबरच्या सोळा तारखेपासून नऊ दिवस पहाटेच्या प्रार्थनेला शेजारणी जातात, तेव्हा ही बाहेर उभी राहून त्यांच्याबरोबर गरम 'बिबिंका' खाते. तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध केळीच्या पानावर घालून, वर-खाली निखारे ठेवून भाजलेला केक तो. गणपतीत तिच्याकडे त्याच शेजारणी मोदकाला येतात. ती एकटी आहे का? हो, थोडी आहे. पण एकटी पडलेली नाही. हा फरक मी बहिणीला सांगितला. "परत या" मात्र मी तिच्या वतीने म्हटलं नाही. तिने स्वतः डिसेंबरात जाऊन बघावं आणि मग काय ते बोलावं, असं सांगितलं. बहीण अजून रुसलेलीच आहे!

तेव्हा तुम्हीही लेकीकडे जाल तेव्हा तिथला एखादा सण गाठून जा. चार भिंतींत बसून तिचं स्वयंपाकघर आवरून देण्यापेक्षा तिच्या शेजारणींशी ओळख करून घ्या. लोणच्याच्या बाटल्या पक्क्या सीलबंद न्या, आणि व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून तिकिटाआधी चौकशी करा.

आणि ज्यांना इतक्या लांब जाणं जमणार नाही, त्यांनी भायंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडावी. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा दिसू लागल्या की समजा, पोचलात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी या बाजूच्या ख्रिस्ती गावांत 'आगेरा' असतो, नव्या भाताच्या लोंब्यांचा सण. बँड वाजतो, लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात, घरी नारळाच्या दुधातले फुगे तळले जातात. उन्हाळ्यात वाळवून, भाजून, कुटून बाटलीत भरलेला त्यांचा 'बॉटल मसाला' कसा करतात, ते एखाद्या काकूंना प्रेमाने विचारा. आपल्याच बोलीच्या मराठीत त्या सांगतील. पण वही-पेन घेऊन जा बरं का, कारण यादी भली मोठी असते!