किल्ल्याखालचं ग्वाल्हेर

झाशीवरून उत्तरेला जाणारी गाडी ग्वाल्हेरात शिरते तेव्हा डाव्या हाताला किल्ला दिसू लागतो, आणि मग शहरात कुठेही गेलं तरी तो नजरेतून सुटत नाही. उंची सुमारे ३०० फूट, लांबी पावणेदोन मैल, रुंदी कुठे ६०० फूट तर कुठे २,८००. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ३०० फुटांचं अप्रूप वाटणार नाही. पण वालुकाश्माचा हा डोंगर एकटा उभा आहे, त्याच्या कडा तासल्यासारख्या सरळ आहेत, आणि लगत त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. त्यामुळे ग्वाल्हेरबद्दल लिहिणारा किल्ल्यापासून सुरुवात करतो आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो. मला हे चुकीचं वाटतं. इथला पैसा, इथला समाज, इथलं गाणं आणि इथलं मराठीपण डोंगरानं घडवलेलं नाही. ते डोंगराच्या दक्षिणेला पडलेल्या एका छावणीनं घडवलं. म्हणून मी स्टेशनवरून किल्ल्याच्या चढाला न लागता फूलबागेवरून लष्कर नावाच्या भागात, बाड्याच्या चौकात आणि तिथून दौलतगंजात जातो.

दौलतराव शिंद्यांनी १८१० साली इथे तळ ठोकला आणि उज्जैनची राजधानी इकडे आली. तो तळ पुन्हा हलला नाही, म्हणून त्या वस्तीला लष्कर हेच नाव राहिलं. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी दौलतरावांच्या फिरत्या छावणीबरोबर होता. त्याच्या पत्रांतून दिसतं की ती छावणी म्हणजे नुसती फौज नव्हती, चालतं शहर होतं. बिनीवाले पुढे जाऊन निशाणं रोवत, आणि मुक्काम कुठेही असो, बाजार नि सरदारांचे तळ ठरलेल्या जागीच लागत. हे वाचून लष्कराच्या गल्ल्यांतून चालावं. निंबाळकर की गोठ, चिटणीस की गोठ, गडवे की गोठ, फालका बाजार, शितोळ्यांचा आणि आंग्र्यांचा बाडा: एकेका सरदाराची किंवा कारभाऱ्याची जागा अजून त्याच्या नावानं ओळखली जाते, आणि त्यांच्या मधून सराफा, दाल बाजार, दौलतगंज असे बाजार गेले आहेत. राहुट्यांच्या जागी भिंती आल्या, पण मांडणी छावणीचीच राहिली. दौलतगंजात जुन्या घराखाली उभं राहून वर पाहिलं की दगडी कंगोऱ्यांवर पुढे आलेला सज्जा दिसतो, त्यावर कोरीव जाळी, आणि छताला लाकडाच्या फळ्यांऐवजी दगडाच्या लांब पटिया टाकलेल्या. खाली दुकान, वर बिऱ्हाड. पुण्याच्या पेठेतला माणूस इथे बुजणार नाही, फक्त सागवानाच्या जागी दगड पाहून क्षणभर थबकेल.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. किल्ला नसता तर दौलतरावांनी ही जागा निवडलीच कशाला असती? आक्षेप खरा आहे, पण तो जागेच्या निवडीपुरता. पुढच्या इतिहासाला तो पुरत नाही. १७८० साली पॉपम या इंग्रज अधिकाऱ्याच्या तुकडीनं रात्री दोर-शिड्या लावून हा अभेद्य म्हणवणारा गड घेतला. १७८३ मध्ये महादजी शिंद्यांनी तो परत मिळवला, १८०४ मध्ये तो पुन्हा इंग्रजांकडे गेला आणि पुढच्या वर्षीच्या तहात परतला. खरी कसोटी लागली १८५८ नंतर. राणी लक्ष्मीबाई त्या जूनमध्ये ग्वाल्हेरच्या लढाईत पडली. तिची समाधी फूलबागेजवळ आहे आणि मराठी प्रवाशाची पावलं तिथे आपोआप थांबतात. त्यानंतर किल्ल्यावर इंग्रजांची शिबंदी बसली ती १८८६ पर्यंत, झाशीच्या बदल्यात गड शिंद्यांना परत मिळेपर्यंत. म्हणजे तब्बल २८ वर्षं शिंद्यांची राजधानी स्वतःच्या किल्ल्याविना होती. डोंगर हाच जर शहराचा प्राण असता, तर या काळात लष्कर ओस पडायला हवं होतं. घडलं उलट. जयाजीराव शिंद्यांचा जयविलास महाल १८७४ मध्ये उभा राहिला, तोही खाली मैदानात, आणि हद्दू खाँसारख्या गवयांमुळे ग्वाल्हेरची गायकी देशभर गाजली ती याच राजवटीत. शिवाय मोगलांच्या काळात वर होतं काय? राजघराण्यातल्या माणसांचा तुरुंग. शाहजहानचा मुलगा मुराद १६६१ मध्ये तिथेच मारला गेला. तुरुंगाभोवती समाज उभा राहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो उरवाईच्या वाटेनं वर चढताना समोरच उभा राहतो. इथल्या कड्यांत पंधराव्या शतकात, तोमर राजे डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह यांच्या काळात, जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरल्या गेल्या. त्यांतली एक सुमारे ५७ फूट उंच आहे. वर चतुर्भुज मंदिरात इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. त्यात बागेचं माप आणि रोजच्या फुलांच्या माळांचा आकडा लिहिताना शून्याचं चिन्ह आलंय, २७० मध्ये आणि ५० मध्ये. मानसिंह तोमराच्या महालावरच्या निळ्या फरश्या तर सगळ्यांनाच ठाऊक आहेत. एवढं सगळं डोंगरावर असताना खालच्या बाजाराला श्रेय कसं द्यायचं? पण या कामांमागचा पैसा पाहा. जैन मूर्तींमागे राजाश्रयाबरोबर श्रावक व्यापाऱ्यांचं दान होतं. शून्य असलेला तो लेख मुळात देणगीचा कागद आहे: देवाला रोज माळा मिळाव्यात म्हणून कुणाची किती जमीन लावून दिली याचा हिशोब. वर देव बसला तरी त्याची फुलं खालच्या मळ्यांतून जात होती. दगडाचं मात्र मी मान्य करतो. या मुलखाचं एकच खनिज धन शहराला थेट मिळालं, ते हा वालुकाश्म. दौलतगंजातल्या पटिया त्याचीच साक्ष देतात. पण घडवणारे हात आणि घेणारी गिऱ्हाइकं खाली जमल्यावरच तो दगड विकला गेला. पाण्याचंही तसंच. गडावरची कुंडं शिबंदीपुरती होती. लाखभर वस्तीला पाणी मिळालं ते सांक नदीवरच्या तिघरा धरणातून, जिथे विश्वेश्वरय्यांच्या खडकवासल्यातल्या स्वयंचलित दारांचीच पद्धत वापरली गेली.

या छावणीत आलेले मराठी लोक प्रामुख्यानं शिलेदार, कारकून, पुजारी, कीर्तनकार, शिक्षक होते. पेढ्या आणि घाऊक धंदा आधीपासून इतरांच्या हाती होता आणि तिथेच राहिला. पगारावर जगणारा समाज दरबार गेला की विरतो, असं इथल्या मराठीपणाबद्दल पुष्कळदा बोललं जातं. ते अर्धंच खरं आहे. १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झालं, १९५६ मध्ये राजधानीपण भोपाळला गेलं, कचेऱ्या गेल्या, बढत्या गेल्या. हा घाव खोल होता. तरी मराठी साहित्य संमेलन इथे एकदा १९२८ मध्ये, माधवराव अणे अध्यक्ष असताना, आणि पुन्हा १९६१ मध्ये, कुसुमावती देशपांडे अध्यक्ष असताना भरलं. दुसऱ्या वेळी दरबार उरला नव्हता, तरी संमेलन झालंच. भा. रा. तांबे इथेच राहिले आणि १९४१ मध्ये इथेच वारले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे वासुदेवबुवा जोश्यांकडे शिकले आणि ख्याल घेऊन दक्षिणेत उतरले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. महाराष्ट्रातल्या मैफलींनी जे गाणं आपलं मानलं, ते या लष्करातून गेलंय. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये काढलेलं गांधर्व विद्यालय आणि १९१८ चं माधव संगीत महाविद्यालय हे दाखवून देतात की गाणं दरबारातून शाळेच्या वर्गात वेळीच आलं. जे वर्गात आलं ते टिकलं. मराठी भाषेचं तेवढं झालं नाही, आणि याची मला खंत वाटते. दौलतगंजात मध्यभारतीय हिंदी साहित्य सभा आहे, मराठी घरंही आहेत, पण तिसऱ्या पिढीची मराठी बहुधा देवघरात आणि जेवणाच्या पानावर उरते.

उद्योगाची गोष्ट लवकर आटोपते. १९२१ मध्ये सुरू झालेली बिर्लांची जियाजीराव कॉटन मिल १९९०च्या दशकात बंद पडली, आणि माधवराव शिंद्यांच्या काळातली दोन फुटी रुळांची श्योपूरची गाडी २०२० पासून धावत नाही. दोन्ही गेल्या तरी बाजार चालू आहे, थंडीत गजकाच्या दुकानांपुढे गर्दी असते. बाजारातल्या जुन्या घरांची काळजी मात्र कुणी घेत नाही. किल्ल्यावरच्या वास्तूंना पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे, खाली गोठींतल्या वाड्यांना नाही. एकेक वाडा उतरतो, पटिया भंगाराच्या भावानं जातात आणि जागी काँक्रीटचं संकुल येतं. कुठल्या गोठीत कोण उतरलं, कोणता सज्जा कुणी बांधला, याचा नकाशा अजूनही बनवता येईल, कारण मोडी दप्तरं आहेत आणि सांगणारी म्हातारी माणसं आहेत. हे काम ग्वाल्हेरातल्या आणि पुण्या-मुंबईतल्या मराठी संस्थांनी मिळून हाती घ्यावं, आणि सुरुवात दौलतगंजापासून करावी.